एका कानाला दोन कॉम्प्युटर

माझा डावा कान सहाव्या वर्षी फुटला, तो कायमचाच गेला. घरात सगळ्यांना ताकीद होती, बाहेर कुणाला सांगायचं नाही, पोरीचं लग्न अडेल. मग मी कायम माणसाला उजवीकडे घेऊन बसायची. त्यात इतकी पटाईत झाले की सख्ख्या मैत्रिणींनाही पत्ता नव्हता.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी सांगलीत एका कॉम्प्युटरवाल्याकडे नोकरी लागली. शेतीच्या माहितीच्या हिंदी सीडी मराठीत करायच्या. मराठी आवाज माझाच, आणि आवाज माझा खणखणीत आहे, उगीच कशाला लाजू? पण तो हिंदीशी जुळतो का, हे तपासावं लागे. एका कॉम्प्युटरवर हिंदी, दुसऱ्यावर मराठी, दोन्ही एकदम ऐकायचं. आमचे सर दोन हेडफोन गळ्यात अडकवून एक या कानाला, एक त्या कानाला लावत. मी काय लावणार, कपाळ? महिनाभर अंदाजपंचे रेटलं. मग एका सीडीत फवारणीच्या चित्रावर माझं काढणीचं बोलणं आलं.

सर म्हणाले, "आज संध्याकाळी माझ्यासमोर तपासून दाखवा. जमत नसेल तर मला दुसरं कुणीतरी बघावं लागेल."

नोकरी जाणार, आणि का गेली ते गावभर होणार. सर जेवायला घरी गेले तशी मी दोन्ही कॉम्प्युटरच्या आवाजाच्या वायरी सोलल्या, मळ्यातल्या मोटरीला जोडतात तशा पीळ देऊन एक केल्या आणि एकाच हेडफोनला दिल्या. हिंदी ठणठणीत, अन् माझा आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा. मला रडूच फुटलं. तेवढ्यात बाजारात गुळाचा सौदा उरकून आबा, माझे वडील, मला भेटायला आले. त्यांना सगळं सांगितलं.

"आगं मग रडतीस कशाला? दोन पाट एका सरीत सोडल्यावर जोराचं पानी दुसऱ्या पाटात उलटं शिरनारच की! दोनी पाटांच्या तोंडाला दगूड लाव."

दगड! मी वायरी उचलल्या अन् चपला अडकवून पळालेच. रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून दोन सारखे रेझिस्टर घेतले, ते विजेच्या वाटेतले दगडच. प्रत्येक वायरीत एकेक घातला. जोडाला कथलाचे डाग मी स्वतः दिले, त्या बाबाला हात लावू दिला नाही. परत येऊन हेडफोन उजव्या कानाला लावला. हिंदी बाई आणि मी दोघी एकदम बोलत होतो, कुणी कुणाला दाबत नव्हतं. आई शप्पथ, माझा मलाच लय अभिमान वाटला.

संध्याकाळी सरांसमोर तीन चुका पकडल्या. त्यातली एक त्यांच्या दोन्ही कानांतून निसटलेली. त्यांनी ती जोडलेली वायर उचलून विचारलं, "हे कशासाठी?"

"सर, मला डाव्या कानानं ऐकू येत नाही."

मला गावी न्यायला थांबलेल्या आबांनी मान खाली घातली. सरांनी हेडफोन लावून बराच वेळ ऐकलं आणि म्हणाले, "मलाही एक करून द्या. मान अवघडते माझी."

सुट्टीला घरी निघालो, तर साताऱ्याच्या एसटीत आबा माझ्याकडे न बघता खिडकीबाहेर बघत बसले. मी धसका घेतला, आता घरी गेल्यावर बोलणी बसणार. कराड सोडल्यावर शेजारच्या म्हातारबांनी सहज विचारलं, "पोरगी काय करती?"

"हिला एकाच कानानं ऐकू येतंय," आबा एवढ्या मोठ्यानं म्हणाले की अख्ख्या गाडीनं माना वळवल्या, "पन त्या एका कानात हिनं दोन कॉम्प्युटर बशिवल्यात!"