बोळक्या तोंडाचं थंड सूप

आमच्याकडं सूप भिंतीला टांगलेलं असतं. बांबूचं, धान्य पाखडायचं. त्यामुळं बारामतीच्या दातांच्या डॉक्टरांनी माझ्या सासऱ्यांचे उरलेसुरले दात काढून टाकले, "कवळी बसेपर्यंत कडक नको, गरम नको, थंड सूप वगैरे द्या" असं सांगितलं आणि माझ्या नवऱ्यानं तो निरोप जसाच्या तसा घरी पोचवला, तेव्हा सासूबाईंनी आधी भिंतीकडं बघितलं आणि मग सासऱ्यांच्या सुजलेल्या तोंडाकडं.

"दात व्हतं तवा भाकरी खाल्ली," त्या म्हणाल्या. "आता दात न्हाईत तर सूप खाया घालू व्हय?"

नवरा हसला, मीही हसले. असल्या गोष्टीवर घरात सगळ्यात आधी आणि सगळ्यात मोठ्यानं हसायचे ते माझे सासरे. घरदार त्यांना आबा म्हणायचं. ते मात्र उपरण्याचं टोक तोंडावर धरून आत गेले आणि भिंतीकडं तोंड करून पडले.

नव्वदच्या दशकातला तो एक उन्हाळा. माझं माहेर बारामतीत, सासर इंदापूर तालुक्यात अंथुर्ण्याला. लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि त्या दोन वर्षांत आबांनी माझी चेष्टा केली नाही असा एक दिवस गेला नव्हता. माझी पातळ भाकरी ते डोळ्यांसमोर धरून म्हणायचे, "चष्म्याची गरजच न्हाय. ह्यातनं पार भिगवण दिसतंय." चहा गोड झाला की म्हणायचे, "कारखान्याचं नुकसान काय हू देत न्हाय ही पोरगी." माहेराहून आलेल्या माझ्या फ्रीजला ते 'थंड कपाट' म्हणत आणि वीज गेली, म्हणजे जवळजवळ रोजच, की "नुसतं कपाट" म्हणत.

मी मुळात मानी. घरात शेंडेफळ, कुणी कधी वाकडा शब्द बोललेलं नाही. पहिले सहा महिने मी आबांचा एकेक शब्द मनात साठवून ठेवत होते आणि बारामतीला गेल्यावर आईपुढं ओतत होते. आई म्हणायची, "बोलतात ना? मग चांगलंय. न बोलणारा सासरा अवघड." मला ते पटायचं नाही.

पटलं ते त्या उन्हाळ्यात, आबांच्या दातांचं सूप वाजल्यावर.

दात गेले तसं त्यांचं बोलणंच बंद झालं. तरुणपणी आबा मेंढरं राखायचे. पुढं कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, कळप गेला आणि दारात चार शेरडं उरली. त्या चार शेरडांनाही ते पुढच्या दातांतून शिट्टी घालून बोलवायचे. आता शिट्टी घालायला गेलं की नुसती फुस्स हवा. शेरडं मान वर करून बघायची आणि पुन्हा चरायला लागायची. दोनदा तसं झालं, मग त्यांनी शिट्टी सोडली. लिंबाखालच्या कट्ट्यावर जाणं सोडलं. आमच्यासमोर बसून जेवणं सोडलं. बोललेच तर उपरण्याआडून, दोन शब्द.

पहिले आठ दिवस मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? चहा निवांत करत होते, भाकरी निवांत थापत होते. नवव्या दिवशी चहात साखर चांगली दोन चमचे जास्त पडली. कप आबांपुढं ठेवला आणि उंबऱ्याशी उभी राहिले. आबांनी चहा बशीत ओतून गार केला, पिऊन टाकला.

"बरं हाय," ते म्हणाले.

बरं हाय! पाव्हणा बोलतो तसं. आपल्याच घरात आबा पाव्हण्यासारखे बसले होते. त्या दिवशी मी ठरवलं, या माणसाच्या तोंडून चेष्टा काढायची. मग ती माझी का होईना.

सासूबाईंना मी आत्या म्हणत असे. आत्यांनी त्यांच्या परीनं आंबील करून बघितली होती. आमच्या भागात उन्हाळ्याचं खरं थंड पेय ते. ज्वारीचं पीठ आदल्या दिवशी ताकात भिजत घालायचं, आंबलं की शिजवायचं, निवलं की वर आणखी ताक, लसूण, जिरं. आत्यांची आंबील अशी की भावकीतल्या बायका तांब्या घेऊन मागायला यायच्या. पण आबांची आंबील म्हणजे सोबत बुक्कीनं फोडलेला कांदा, आणि तो कर्रकर्र वाजला पाहिजे. तांब्या पुढं आला तेव्हा त्यांनी तो हातानंच बाजूला सारला. "कांद्याबिगर कसली आंबील?" एवढंच म्हणाले. आत्यांना ते लागलं. "ऱ्हाऊ दे मग," म्हणाल्या आणि आंबिलीचं गाडगं धुऊन पालथं घातलं.

म्हणून सुपाचं खातं माझ्याकडं आलं. लग्नाआधी मी बारामतीत पाककलेचा वर्ग केला होता. दोनशे पानी वही होती, त्यात एक पान 'उन्हाळ्यासाठी थंडगार सूप' असं, खाली लाल शाईनं दोन रेघा. त्या पानाची मला फार घमेंड होती. वर्गातल्या बाईंनी ते शिकवलं तेव्हा आम्ही पंधरा मुलींनी मिळून एक वाटी चाखली होती, एवढाच माझा अनुभव, हे मात्र मी घरात सांगितलं नाही.

पहिलं काकडीचं. काकडी किसून, दह्यात घुसळून, मिरपूड, मीठ, आणि वहीत लिहिल्याप्रमाणं 'चार तास फ्रीजमध्ये'. वीज नेमकी तेच चार तास गेली. शेवटी पातेलं ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवलं. आत्या झाकण उघडून बघून गेल्या.

"पातळ कोशिंबीर हाय की ही."

"सूप आहे, आत्या."

"आसंल बाई."

आबांनी वाटी तोंडाला लावली, रिकामी केली. "बरं हाय."

दुसऱ्या दिवशी टोमॅटोचं. उकडून, गाळून, साखर-मीठ घालून. वीज होती, त्यामुळं झालंही चांगलं गार. "बरं हाय." तिसऱ्या दिवशी मी जरा चिडूनच दुधी भोपळ्याचं केलं. त्याचा मी स्वतः एक घोट घेतला आणि दुसरा घेतला नाही. शेरडापुढं ठेवलं असतं तर शेरडानं हुंगून सोडलं असतं. आबांनी ते सगळं प्यायलं, वाटी पुसून खाली ठेवली आणि म्हणाले, "बरं हाय. तरास घिऊ नकोस."

तरास घिऊ नकोस! पूर्वीचे आबा असते तर त्या दुधीवर आठवडा काढला असता. मी वही मिटली आणि आत्यांकडं गेले.

"आत्या, मला आंबील शिकवा."

"त्यास्नी नको हाय आंबील."

"आंबील म्हणून नाही द्यायची. सूप म्हणून द्यायची."

आत्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच त्यांना माझ्यात काहीतरी कामाचं दिसलं असावं. पण त्यांचं शिकवणं म्हणजे अंदाजपंचे. पीठ किती? 'लागंल तेवढं.' ताक किती? 'मावंल तेवढं.' शिजवायचं किती वेळ? 'शिजंस्तवर.' आणि एक गोष्ट त्यांनी तीनदा बजावली: हात थांबवायचा नाही, ढवळत राहायचं.

"मी करू का?" त्यांनी विचारलं. त्या वेळी 'करा' म्हटलं असतं तर ही गोष्ट घडली नसती. पण मानीपणा नडला. "मीच करते," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आधण उकळलं, आंबलेलं पीठ सोडलं, ढवळायला लागले आणि दारात शेरडू तुळशीत तोंड घालताना दिसलं. हाकलायला गेले. आले तोवर पातेल्यात बोराएवढ्या गुठळ्या. पळीनं फोडल्या, रवीनं घुसळल्या, हातानं चुरडल्या. मोठ्या फुटल्या, बारक्या हट्टी निघाल्या. मीठ दोनदा चाखून बघितलं, ते मात्र बेताचं पडलं होतं. निवल्यावर ताक घातलं, थंड कपाटात ठेवलं. त्या दिवशी विजेनं दया केली. दुपारी काचेच्या वाटीत ओतलं, वर कोथिंबिरीची दोन पानं, खाली बशी, बाजूला चमचा. वर्गात शिकवलं होतं अगदी तसं.

आबा पडवीत बसले होते. उपरणं तोंडाशी. आत्या खांबाआड उभ्या.

"हे काय आता?"

"नवीन सूप आहे, आबा. वहीतलं."

त्यांनी कोथिंबिरीची पानं बोटानं बाजूला केली. चमचा बुडवला, वर काढला. चमच्यात नेमकी एक गुठळी. ती त्यांनी बघितली. तोंडात घातली, हिरड्यांवर घोळवली. दुसरा चमचा. त्यातही गुठळी. मी उभी होते ती घामानं भिजले.

"सूनबाई," आबा म्हणाले. उपरणं किंचित खाली आलं. "सूप म्हंतीस न्हवं ह्येला?"

"हो."

"मग आसं कर. भितीवरचं सूप आण जरा."

"ते कशाला?"

"तुजं सूप माज्या सुपात घिऊन पाखडू. खडं लय हायेत ह्यात!"

आणि हसले. उपरणं मांडीवर पडलं, तरी त्यांना भान नव्हतं. तान्ह्या बाळासारखं गुलाबी, बिनदाताचं तोंड, सगळं उघडं. हसता हसता आत्यांना म्हणाले, "अगं, आंबील हाय ही! बारामतीची आंबील! गोट्या घालून करत्यात तितं!"

मला रडू फुटलं. आवरेना. पदर तोंडाला लावून मी तिथंच खाली बसले. आत्या खांबाआडून तरातरा पुढं आल्या.

"तोंड उगाडलं ते आसं उगाडलं व्हय?" त्या आबांवर कडाडल्या. "चार दिस झालं पोरगी तुमच्यापायी चुलीम्होरं मरतीया!"

आबांचं हसू जागच्या जागी मावळलं. हात पुन्हा उपरण्याकडं गेला. खाली बघत, त्याच पाव्हण्याच्या आवाजात ते म्हणाले, "न्हाय न्हाय. बरं झालंय. बरं हाय, पोरी."

आता काय सांगणार? मी दुखावले म्हणून रडत नाही, आबा, तुमचा आवाज आला म्हणून रडतेय, असं सासऱ्याला तोंडावर सांगायची आमच्याकडं पद्धत नव्हती, आणि मला तेवढं सुचलंही नसतं. उपरणं तोंडाशी पोचायच्या आत काहीतरी बोलायला हवं होतं. मी नाक पुसलं.

"बरं कसलं, आबा? मीठपण जास्त झालंय. ते म्हणायचं राहिलं तुमचं."

आबांचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग आणखी एक चमचा तोंडात घातला, सावकाश गिळला.

"कळलं व्हतं मला," ते म्हणाले. "मिठाचं उद्याला राखून ठिवलं व्हतं."