गोफणीच्या हाताने गोल्फ

नाशिककर मंडळींनो, आज मी गोल्फची स्टिक थेट लिंबाच्या झाडात भिरकावली. मैदानावरून तडक सायबर कॅफेत येऊन लिहितेय. आधी हसून घ्या, मग ऐका.

महिनाभर माझा चेंडू नुसता फरपटत जातोय. कोच सांगून थकले, "ताई, तुम्ही मनगट वरच उघडता. दुमडलेलंच खाली आणा. हात मांडीपाशी आले की मग सोडा, सगळा जोर चेंडूवर येईल."

आज डोक्यात आलं, अरे, ही तर गोफण! सिन्नरला माहेरी ज्वारीवरची पाखरं हाकताना मी हेच करायचे. घाई केली की दगड भलतीकडे.

स्टिक तशीच फिरवली. मनगट वेळेवर सुटलं, पण गोफणीची दोरी सोडायच्या सवयीने बोटंही उघडली! बाकावरच्या बायका पोट धरून हसल्या. कोच म्हणाले, "रविवारच्या मॅचचं राहू द्या, ताई."

मी स्टिक काढून आणली. बोटं आवळली, मनगट सैल ठेवलं. चेंडू असा गेला की बाकावरच्या बायका उठून बघायला लागल्या.

शेतातली अशी सवय तुमच्या कुणाच्या हातात अजून आहे का? माझी मी मोडणार नाही. रविवारी खेळणारच. स्टिक हातात राहिली तर चेंडू उडेल, सुटली तर पाखरं.