शाब्ली आणि तळलेला मासा

परवा लेकीने शाब्ली या फ्रेंच पांढऱ्या वाइनची बाटली उघडली. लिंबाची साल आणि ओला दगड यांचा मिळून येतो तसा वास आला आणि मी थेट भोपाळमधल्या बरखेड्याच्या आमच्या जुन्या क्वार्टरमध्ये जाऊन पडलो.

बाबांच्या कारखान्यात आलेल्या फ्रेंच इंजिनिअरने त्यांना अशीच बाटली दिली होती. आमचं घर इतकं माळकरी, की कुणी अंड्याचं नाव काढलं तरी भिंतीचे पोपडे गळत. पण बाबांनी तिला ‘फळांचा रस’ ठरवलं आणि शेजारच्या तिवारीजींसोबत चिवडा घेऊन बसले.

"भाभीजी, आप भी चखिए!" तिवारीजींनी थट्टा केली.

आईने खरोखरच पेला उचलला. अख्ख्या भोपाळचे पंखे थांबले, शप्पथ!

"आंबट आहे, पण कैरीसारखं नाही. शेवटी जरा खारट लागतं," ती डोळे मिटून म्हणाली. "ह्याच्यासोबत चिवडा काय खाता? कुरकुरीत तळलेला मासा हवा."

बाबा पांढरेफटक. "तू तर लग्नात मासा खुशीने सोडलास ना?"

"कोण म्हणालं?"

"माझी आई म्हणाली."

"मी भंडाऱ्याची, तळ्याकाठी वाढलेली. मला कुणी विचारलं?"

तेव्हा मला आईच्या त्या घोटाचा धक्का बसला होता. आज तिच्या प्रश्नाचा बसतो.

बाबा उठले. मग चपला घालत म्हणाले, "तिवारीजी, मछली कहाँ मिलती है?"

शुद्ध शाकाहारी तिवारीजींनी दुकानच काय, कापणाऱ्याचं नावही सांगितलं.