शकुंतलाकाकूंचा बाळू

शकुंतलाकाकू आमच्या जळकोटात कुणालाही उपाशी जाऊ देत नसत. पोस्टमन असो, वायरमन असो की शेजारची मी, उंबरा ओलांडला की ताट पुढ्यात यायचंच.

त्यांचा मुलगा महेश पुण्याहून दुबईला नोकरीला गेला आणि जाताना आपला पाळलेला परदेशी अजगर, बाळू, काचेच्या पेटीसकट आईकडं ठेवून गेला. काकू माळकरी. तरी फ्रीजच्या वरच्या कप्प्यात गोठवलेले उंदीर आले. मी तोंड वाकडं केलं तर म्हणाल्या, "त्याचं खाणं त्याला, माझं मला. लेकराला काय कळतीया एकादशी?"

हिवाळ्यात एकदा बाळूनं उंदीर गिळला आणि दुसऱ्याच दिवशी काकूंनी त्याला कौतुकानं मांडीवर घेतलं. थोड्या वेळानं त्यानं अर्धवट पचलेला उंदीर ओकून टाकला. हाक ऐकून मी धावले. पदर, फरशी सगळं भरलेलं, आणि काकू बाळूला पेटीत ठेवत होत्या. "महेशला काय सांगू गं? लई विश्वासानं ठेवून गेलाय."

सोलापूरच्या जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. ऊब द्या, पाणी ठेवा. दोन आठवडे खायला घालू नका, उचलूही नका, ते म्हणाले. पुढं खाल्ल्यावरही दोन दिवस हात लावायचा नाही. सारखा ओकत राहिला तर जगणार नाही.

खायला न घालणं! काकूंना याहून अवघड काहीच नव्हतं. शेजारणी दूध पाजायचा सल्ला घेऊन आल्या. "दूध पाजून मारायचाय व्हय त्याला?" म्हणत काकूंनी त्यांना दारातूनच परतवून लावलं. लाइट गेली की पेटीचा हीटर बंद पडायचा. मग गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून आत ठेवायच्या आणि काचेला हात लावून बसून राहायच्या. ताटातली भाकरी तशीच वाळायची. "बारीक झालाय का गं?" रोज मला विचारायच्या. झालाच होता. मी नाही म्हणायची.

मुदत संपल्यावर त्यांनी लहानसा उंदीर चिमट्यानं पुढं धरला. बाळूनं मान फिरवली. पुढच्या खेपेला मात्र त्यानं झडप घातली. आता ओकतो की काय, या धास्तीनं आम्ही दोघी पेटीभोवती घुटमळत राहिलो. शेवटी एका सकाळी भिंतीपलीकडून हाळी आली, "अगं ये लवकर, बाळूला शी झाली!" अख्ख्या गल्लीनं ऐकलं.

यंदा महेश दुबई सोडून पुण्यातल्या नोकरीवर कायमचा परत आला. सकाळी गाडी घेऊन आला, संध्याकाळी बाळूला घेऊन पुण्याला निघणार होता. पेटीत हात घालणार तोच काकू म्हणाल्या, "थांब. कालच खाल्लंय त्यानं. आता हलवलास तर ओकंल. आठ दिवस न्यायचा न्हाय."

काल बाळूनं काहीच खाल्लं नव्हतं, त्याच्या खाण्याचा वार अजून यायचा होता, आणि डॉक्टरांनी दोनच दिवस सांगितले होते. मी काकूंकडं पाहिलं. माझी नजर चुकवून त्या पीठ मळायला बसल्या. महेशनं सुट्टी वाढवून घेतली.

आठवड्यानं पेटी गाडीत चढली. वाटेत त्याच्याकडं कोण बघणार, म्हणून शेजारी काकूही बसल्या. अजून परतल्या नाहीत.