मांडीवरची टोपी

पुतणीच्या लग्नात माईकवरून मानकऱ्यांची नावं पुकारली जात होती. नाव आलं की माणूस पुढे यायचा आणि फेटा बांधून घ्यायचा. पहिल्या रांगेत नवरदेवाचे थोरले चुलते, अण्णा, बसले होते. आता आपलंच नाव येणार म्हणून त्यांनी टोपी आधीच काढून मांडीवर ठेवली होती.

यादी मी केली होती. शेवटचं नाव पुकारून झालं तेव्हा माझ्या लक्षात आलं. अण्णांचं नाव मी लिहिलंच नव्हतं.

हल्ली सगळे याला स्टेटस म्हणतात. आमच्याकडे मान, पत, इभ्रत, दर्जा असे कितीतरी शब्द आहेत. पण कुठलाही घ्या, ती गोष्ट ज्याची असते त्याच्या हातात कधीच नसते. चारचौघांनी नाव घेतलं तर ती आहे, नाही घेतलं तर नाही. आणि मी ती एका पाठकोऱ्या कागदावर घाईघाईत उरकली होती.

फेटेवाला सामान आवरू लागला. अण्णांनी टोपी उचलली, पण घातली नाही. मी जवळ जाऊन वाकलो.

"पाहुणे, नाव राहिलं की काढलं?" त्यांनी हळूच विचारलं.

"राहिलं, अण्णा. माझीच चूक. आत्ता बांधू."

"काढलं असतं तर बरं होतं," टोपी डोक्यावर ठेवत ते म्हणाले. "निदान आठवण तरी झाली असती."