ओसरीवरचा शामा

ठाण्याच्या कचेरीत माझ्या शेजारी बसणारा एक कारकून दर रविवारी येऊरच्या रानात जायचा. झाडी दाट झाली की लाल पगडी काढून काखेत धरायचा, पाखरं बुजतात म्हणून. कचेरीतही बोलायचा कुजबुजत. त्याचं ऐकायला गोरा साहेबसुद्धा पुढे वाकायचा. आम्ही ओरडून मेलो तरी बघायचा नाही.

मी हौसेनं शामा पक्षी पाळला होता. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावा म्हणून पिंजरा ओसरीवर, उजेडात टांगला होता. महिनाभर त्यानं चोच उघडली नाही.

एकदा तो कारकून घरी आला आणि पिंजऱ्याकडे बघून पुटपुटला, "अहो, रानाच्या कडेला गातात ते बुलबुल, दयाळ. हा आतल्या काळोखातला. उघड्यावर भितो हो तो." मला न विचारताच त्यानं पिंजरा उचलून आतल्या अंधाऱ्या खोलीत नेला.

चार दिवसांत शामा असा गायला की शेजारीपाजारी गोळा झाले.

"भावजींचा हात लागला हो!" आमची ही आतून म्हणाली. माझ्याशी इतक्या कौतुकानं ती कधी बोलली नव्हती.

मग तो रोज संध्याकाळी येऊ लागला. माझी पोरं आतल्या खोलीत त्याला बिलगून गाणं ऐकायची. शामा माझा, घर माझं, आणि ओसरीवर बुलबुलांचा कलकलाट ऐकत एकटा बसलेला मी.