चित्रातली म्हातारी

जर्मन परीकथांच्या पुस्तकात गोष्टी सांगणारी म्हणून चुलीपाशी बसलेली सुरकुतलेली म्हातारी काढली होती. प्रस्तावनेत मात्र लिहिलं होतं की सांगणाऱ्या बऱ्याच जणी शहरातल्या, शिकलेल्या तरुण मुली होत्या. मला चित्रकाराचा रागच आला.

आम्ही तेव्हा कतारमध्ये, दोह्यात राहायचो; वर्ल्ड कपसाठी तिथले रस्ते खणलेले. शाळेतून घरी येताना रोज ट्रॅफिकमध्ये अडकायचो, तेव्हा मी गाडी चालवताना लेकीला गोष्टी सांगायचे. शाळेत 'गोष्ट सांगणारी व्यक्ती' काढायला सांगितली, तर तिनं स्टिअरिंग धरलेली, बोळक्या तोंडाची म्हातारी काढली.

"ही कोण?" मी तडकून विचारलं.

"यू, आई! 'आटपाट नगर' म्हणताना यू ऑल्वेज टॉक लाइक अ म्हातारी."

दुसऱ्या दिवशी मी साध्या आवाजात सुरुवात केली. गोष्ट पुढे सरकेचना.